फुंकणी, फुप्फुस आणि कॉम्प्युटर

आपल्या राजापूर तालुक्यात गॅस आला, तरी आंघोळीच्या पाण्याची चूल काही विझलेली नाही. पावसात लाकूड ओलं, त्यामुळे धूरही जास्त. मग पन्नाशीला आलेल्या एखादीला घाटी चढताना धाप लागते आणि घरचे म्हणतात, "वय झालं." गटाच्या बैठकीत आम्ही हे इतक्यांदा ऐकलंय, की आज या धापेचाच इतिहास सांगतो.

लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरांनी १८४६ साली श्वास मोजायचं यंत्र लोकांपुढे मांडलं, स्पायरोमीटर. त्यात नळीतून जोरात फुंकायचं. दोन हजारांवर माणसं त्यांनी तपासली. खलाशी, शिपाई, पोलीस, बहुतेक पुरुषच. चुलीपुढे बसणारी बाई त्यात कुठून असणार!

हवा किती मावते ते कळलं, पण आत ती पोचते कशी? ते गणित १९६३ साली स्वित्झर्लंडच्या एवाल्ड वायबेल यांनी मांडलं. श्वासनळीला दोन फाटे, प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन, असं २३ वेळा. वहीत दुपटीचा हिशेब करून बघा, टोकं ८० लाखांच्या वर जातात. म्हणूनच धुराने सुरुवातीला काही टोकं निकामी झाली तरी आपल्याला पत्ता लागत नाही. धाप लागते तोवर बरीच गेलेली असतात.

हा हिशेब हाती आल्यावर आजारी फुप्फुस आकड्यांत उभं करता येऊ लागलं. १९६९ साली जॉन वेस्ट यांनी ते कॉम्प्युटरवर केलं. (हे गृहस्थ त्याआधी हिलरींच्या मोहिमेबरोबर हिमालयात राहून विरळ हवेतला श्वास अभ्यासून आले होते.) फुप्फुसाचे अनेक भाग कल्पायचे, कुठे हवा जास्त, कुठे रक्त जास्त, आणि रक्तात ऑक्सिजन किती उतरतो ते काढायचं. निघालं असं, की एकूण हवा आणि एकूण रक्त तेवढंच असलं, तरी वाटप बिघडलं की ऑक्सिजन कमी पडतो. गटाच्या खात्यात पैसे आहेत, पण गरज असलेल्या घरी पोचत नाहीत, तसंच हे.

नळी अरुंद झाली की काय होतं, ते फुंकणीवरून कळेल. भोक निम्म्या रुंदीचं राहिलं, तर तेवढीच हवा ढकलायला दुप्पट नाही, सुमारे १६ पट जोर लागतो. पॉइझी या फ्रेंच डॉक्टरांनी १८४०च्या सुमारास काढलेला हा नियम आजही अशा गणितांत वापरतात.

आणि आपला धूर? पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासोबत 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की कधीच बिडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही हा दमाचा आजार होतो आणि लाकूड-शेणीचा धूर हे त्याचं जगातलं सर्वांत मोठं कारण असू शकतं.

म्हणून डॉक्टरांनी "बिडी ओढता का?" विचारलं, तर नुसतं "नाही" म्हणून गप्प बसू नका. चुलीपुढे किती वर्षं गेली ते सांगा, आणि स्पायरोमेट्री करायची का, असं नाव घेऊन विचारा. नळीत फुंकायचंच असतं, त्याचा सराव आपल्याला आहे.