खोटे नाव, खरी बाकी

कार्लो गोल्दोनीचे ‘दोन धन्यांचा नोकर’ हे इटालियन प्रहसन सहसा नोकराचे नाटक म्हणूनच पाहिले जाते. एकाच खानावळीत दोघांची चाकरी पत्करणारा खादाड त्रुफ्फाल्दिनो अशी काही धमाल उडवतो, की कथानकाचे मूळ एका व्यापारी येण्यात आहे याचा विसर पडतो.

तोरीनोचा फेदेरिगो रास्पोनी आणि व्हेनिसचा व्यापारी पान्तालोने यांचा देण्याघेण्याचा संबंध. पान्तालोनेची मुलगी क्लारिचे फेदेरिगोला द्यायचे ठरलेले. तो मारला गेल्याची बातमी येते, मुलीची सोयरीक सिल्व्हिओशी जुळते आणि नेमका त्याच वेळी ‘फेदेरिगो’ दारात उभा राहतो! ती असते त्याची बहीण बेआत्रिचे, पुरुषवेषातली. तिला भावाचे येणे वसूल करायचे असते आणि त्याच्या हत्येचा आळ येऊन परागंदा झालेला प्रियकर फ्लोरिन्दो शोधायचा असतो.

पान्तालोनेला तिची ओळख कशी पटते? ती पत्रे पुढे करते, तो सह्या पाहतो. खानावळवाला ब्रिगेल्ला तिला पुरता ओळखत असूनही ‘हाच फेदेरिगो’ अशी ग्वाही देतो. दूरच्या गावच्या व्यापाऱ्याचे तोंडही न पाहता व्यवहार चालत, तो सही आणि साक्ष यांच्या भरवशावर. गोल्दोनीने त्याच भरवशाचा विनोद केला. तो स्वतः वकील होता. 1745 च्या सुमारास विनोदी नट आन्तोनिओ साक्कीच्या मागणीवरून त्याने या नाटकाचा आराखडा रचला, तेव्हा तो पिसा येथे वकिलीच करत होता. नटांच्या मनमानी भरीला आळा घालण्यासाठी त्याने पुढे सगळे संवाद लिहून काढले आणि 1753 मध्ये संहिता छापली.

मग एकेक कागद चुकीच्या हाती पडू लागतो. पान्तालोनेने दिलेली शंभर डुकाटांची थैली भलत्याच धन्याला मिळते. टेबलावर ताटे कशी मांडायची हे दाखवण्यासाठी त्रुफ्फाल्दिनो चार हजार स्कूदींची हुंडी फाडून तिचे तुकडे मांडतो. पुढे पेट्यांतले सामान बदलते आणि फ्लोरिन्दोला आपलीच तसबीर आपल्या कपड्यांत सापडते. इथे मराठी प्रेक्षकाला देवलांचे ‘संशयकल्लोळ’ आठवेल. त्याचे मूळ मर्फीच्या इंग्रजी नाटकातून मोलिएरच्या 1660 च्या ‘स्गानारेल’पर्यंत जाते, आणि तिथेही घोटाळा हरवलेल्या तसबिरीचाच. फरक एवढाच, की तिथे तसबिरीमुळे संशय वाढतो, इथे तिच्यामुळे धागा सापडतो.

बेआत्रिचेने सोंग का घेतले, याचे उत्तर ती पहिल्याच अंकात ब्रिगेल्लाला देते. बहीण म्हणून आले असते तर पान्तालोने पालक होऊन बसला असता, हे शोभत नाही, ते शोभत नाही, असे सगळ्यांनी ऐकवले असते, आणि हाती काहीच पडले नसते. म्हणजे येणे खरे होते, मागणारीचा हक्क खरा होता; चालणारे नाव तेवढे मेलेल्या पुरुषाचे होते. सोंग उतरते तेही चातुर्याने कुणी पकडल्यामुळे नव्हे. फ्लोरिन्दो मेला, ही त्रुफ्फाल्दिनोची थाप ऐकून ती दुःखाने स्वतःच बोलून जाते.

अखेरीस लग्ने जुळतात, प्रेक्षक हसत घरी जातात. पण त्या हसण्याखाली गोल्दोनीने एक हिशेब मांडून ठेवला आहे: व्हेनिसच्या बाजारात मृत भावाची पत होती, जिवंत बहिणीची नव्हती.