‘प्रा.’ आणि पद

सातारा-सांगलीकडे कॉलेजात शिकवणारा प्रत्येक जण ‘प्राध्यापक’ असतो. लग्नपत्रिकेत, सत्काराच्या फलकावर त्याच्या नावाआधी ‘प्रा.’ येतेच. दप्तरी मात्र असे कधीच नव्हते. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाले, हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. तेव्हाची उतरंड अधिव्याख्याता, प्रपाठक आणि सर्वांत वर प्राध्यापक अशी होती. कित्येक जण पहिल्या पायरीवरच निवृत्त झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी खालच्या दोन नावांच्या जागी सहायक आणि सहयोगी प्राध्यापक आणले. शब्द बदलले, पायऱ्या तिथेच राहिल्या.

आपल्या माणसांना या एका अक्षराचे मोल निराळे आहे. ज्यांच्या बापजाद्यांना गावाने ‘अरे-तुरे’शिवाय हाक मारली नाही, त्यांना नावाआधी लागलेले काहीही थोर वाटते. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर, म्हणून हे सांगतो. आटपाडीच्या शंकरराव खरातांचे वडील तराळकी करीत. त्यांचा मुलगा १९७० च्या दशकात मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ही झेप साधी नव्हे.

परंतु माणूस वर चढला म्हणून उतरंड मोडत नाही. साताऱ्याच्या सरकारी शाळेत १९०० साली दाखल झालेले बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, अगदी दप्तरी प्राध्यापक! तरीही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते.

आज अडवणूक मोजणीतून होते. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले की संवर्गात एकच पद असेल तर त्याला आरक्षण लागू नाही. विभागात प्राध्यापकाचे पद बहुधा एकच असते. विभागवार मोजले की वरची पायरी आपोआप मोकळी सुटते. सगळी संस्था एकत्र धरली तर सुटत नाही. २०१९ च्या कायद्याने संस्था हाच घटक मानला, पण तो केंद्रीय संस्थांपुरता.

आणि उतरंडीच्याही खाली तासिका तत्त्वावरचा शिक्षक आहे. तो नेट-सेट झालेला असतो, त्याचे मानधन तासांवर मोजतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही नाही. पत्रिकेत तोही ‘प्रा.’च. कार्यकर्त्यांनी सत्कार जरूर करावेत. पण माहितीच्या अधिकारात आपल्या कॉलेजची बिंदुनामावलीही मागवावी. कोणत्या पायरीवर कोणता प्रवर्ग आहे आणि कोणते पद रिकामे आहे, ते तिच्यात लिहिलेले असते.