आय-लीग २०१६-१७ : पदावनत ऐझॉल विजेतेपदी

आय-लीग या भारतातील तत्कालीन सर्वोच्च फुटबॉल साखळी स्पर्धेचा दहावा हंगाम ७ जानेवारी ते ३० एप्रिल २०१७ या काळात खेळला गेला. मिझोरामच्या ऐझॉल एफसीने तो जिंकला. ईशान्य भारतातील क्लबाने राष्ट्रीय साखळी विजेतेपद मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती.

पार्श्वभूमी

२०१५-१६ च्या हंगामात ऐझॉल नऊ संघांत आठव्या स्थानी राहिला. तळाच्या पुण्यातील डीएसके शिवाजीयन्सला थेट प्रवेशामुळे पदावनतीपासून संरक्षण होते. त्यामुळे ऐझॉलची पदावनती झाली. मात्र अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नियोजित फेररचनेच्या निषेधार्थ गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या संघांनी माघार घेतली. द्वितीय श्रेणी जिंकणाऱ्या धेंपोनेही तोच मार्ग पत्करला. रिक्त झालेल्या जागांमुळे ऐझॉलला पुन्हा प्रवेश मिळाला. चेन्नई सिटी आणि मिनर्व्हा पंजाब हे संघ नव्याने दाखल झाले, तर गोव्यातून केवळ चर्चिल ब्रदर्स उरला.

विजेतेपदाची शर्यत

ऐझॉलची सूत्रे खालिद जमील यांच्याकडे होती. अनेक वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद सांभाळल्यानंतर २०१६ मध्ये ते त्या क्लबातून बाहेर पडले होते. स्थानिक मिझो खेळाडूंच्या जोडीला सीरियाचा महमूद अल-अमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन, गोव्याचा गोलरक्षक आल्बिनो गोम्स आणि मुंबईचा जयेश राणे असा संघ त्यांनी बांधला.

२२ एप्रिल रोजी ऐझॉल आणि मोहन बागान प्रत्येकी ३३ गुणांसह समोरासमोर आले. घरच्या मैदानावर झोमिंगलियाना राल्तेने ८३ व्या मिनिटाला हेडरद्वारे केलेल्या एकमेव गोलमुळे ऐझॉलने आघाडी घेतली. अखेरच्या दिवशी त्यांना एक गुण पुरेसा होता. शिलाँगमध्ये लाजाँगच्या दिपांदाने नवव्या मिनिटाला गोल करून ऐझॉलला अडचणीत आणले. परंतु ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. तिकडे कोलकात्यात मोहन बागानने चेन्नई सिटीला २-१ असे हरवले, तरी ते एका गुणाने मागे राहिले.

अंतिम क्रमवारी

प्रत्येकी १८ सामन्यांनंतर ऐझॉलचे ३७, मोहन बागानचे ३६, ईस्ट बंगालचे ३३ आणि बंगळुरू एफसीचे ३० गुण झाले. दिपांदा ११ गोलसह हंगामातील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. जमील यांचा जुना संघ मुंबई एफसी तळाशी राहून पदावनत झाला.

परिणाम

या विजेतेपदाने ऐझॉलला आशियाई क्लब स्पर्धेचे दार उघडले आणि जानेवारी २०१८ मध्ये हा संघ एएफसी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत इराणच्या झोब आहनविरुद्ध खेळला. देशांतर्गत चित्र मात्र वेगळे होते. पुढील हंगामापासून इंडियन सुपर लीग आय-लीगला समांतर चालू लागली आणि बंगळुरू एफसी तिकडे गेला. राष्ट्रीय विजेत्या ऐझॉलला तेथे स्थान मिळाले नाही. आय-लीग जिंकून त्या स्पर्धेत बढती मिळण्याची वाट २०२३ मध्ये पंजाबच्या संघासाठी प्रथम खुली झाली. मैदानावरील कामगिरीच्या बळावर वरच्या श्रेणीत जाण्याच्या हक्काची चर्चा निघते, तेव्हा म्हणूनच या हंगामाचा दाखला दिला जातो.