मराठवाड्यातील विद्यार्थ्यांचे इंग्रजी शिक्षणासाठी मुंबईस स्थलांतर

मराठवाडा हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. त्या काळात लातूर, नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद आणि उस्मानाबाद या भागांतील ज्या विद्यार्थ्यांना इंग्रजी माध्यमातून उच्च शिक्षण घ्यावयाचे असे, त्यांपैकी काही जण संस्थानाची सीमा ओलांडून ब्रिटिश हिंदुस्थानातील शहरांत जात. मुंबई हे त्यांपैकी एकमेव मराठी मुलखातील बंदर होते. हैदराबाद संस्थानाचे चलन, टपाल आणि जकात स्वतंत्र असल्यामुळे मुंबईस शिकावयास जाणे हे मराठवाड्यातील कुटुंबाच्या दृष्टीने व्यवहारात परमुलखात जाण्यासारखेच होते.

मुंबईतील इंग्रजी शिक्षण

पश्चिम भारतात इंग्रजी बंदरातून आली आणि बराच काळ बंदराच्या आसपासच राहिली. १८२२ मध्ये मुंबईत हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. १८२७ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त झाले, तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमवला. त्यातून इंग्रजी, विज्ञान व कला शिकवणारे अध्यापक विलायतेहून आणावयाचे ठरले. १८३५ मध्ये ऑर्लिबार व हार्कनेस हे अध्यापक मुंबईस आले. या प्रयत्नांतून पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालय उभे राहिले. ख्रिस्ती धर्मोपदेशक जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून आजचे विल्सन महाविद्यालय घडले. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली.

या संस्थांत आरंभी शिकलेले अनेक मराठी विद्यार्थी मूळचे मुंबईकर नव्हते. पोंभुर्ले येथील बाळशास्त्री जांभेकर लहान वयात मुंबईस आले आणि १८३२ मध्ये त्यांनी ‘दर्पण’ हे मराठी व इंग्रजी असे दुभाषी नियतकालिक काढले. मालवणचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर रत्नागिरीतून, तर महादेव गोविंद रानडे कोल्हापुरातून एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.ए. परीक्षा प्रथम उत्तीर्ण होणाऱ्या चौघांत हे दोघे होते. मराठवाड्यातील मुलांना मात्र ही वाट खूपच उशिरा मोकळी झाली.

निजामी राजवटीतील भाषेचा प्रश्न

संस्थानात राज्यकारभाराची व वरच्या वर्गांतील शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. देशी भाषेतून सर्व विषय शिकवणारे विद्यापीठ म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते एका अर्थी योग्यही होते. मात्र ती देशी भाषा उर्दू होती. घरी मराठी बोलणाऱ्या लातूरच्या मुलास आधी उर्दूवर प्रभुत्व मिळवावे लागे आणि इंग्रजी हा अनिवार्य विषय त्याशिवाय असे. ज्यांची मातृभाषा उर्दू होती त्यांचे एका भाषेचे श्रम वाचत. माध्यमाचा हा प्रश्न पुढे संस्थानातील राजकीय असंतोषाचे एक कारण ठरला.

संस्थानात इंग्रजी माध्यमाची सोय हैदराबाद शहरातील निजाम महाविद्यालयात होती. १८८७ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते. तेथे जाणे संस्थानाबाहेर जाण्यापेक्षा सोपे असले, तरी सामान्य शेतकरी कुटुंबास राजधानीचा खर्चही जड जाई. मराठवाड्यात औरंगाबाद येथे १९२३ मध्ये इंटरमीजिएट महाविद्यालय निघाले. बी.ए.साठी मात्र विद्यार्थ्यास घर सोडावेच लागे.

शहराची निवड

संस्थानाबाहेर जावयाचे ठरल्यावर खरा विचार पुणे आणि मुंबई यांचाच होई. पुण्यात डेक्कन महाविद्यालय आणि १८८५ पासून फर्ग्युसन महाविद्यालय होते. तेथे राहणे स्वस्त होते. वार लावून किंवा माधुकरी मागून शिकण्याची रीत तेथे रूढ होती, पण तिचा आधार प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच मिळे. मुंबईत खाणावळ आणि चाळीतील खोली यांना रोख पैसा लागे. त्याच्या मोबदल्यात वर्गाबाहेरही इंग्रजी कानावर पडे. उच्च न्यायालय, गोदी, कापडगिरण्यांच्या कचेऱ्या, छापखाने आणि इंग्रजी वृत्तपत्रे यांमुळे भाषा केवळ पुस्तकात राहत नसे. शिकता शिकता शिकवण्या किंवा कारकुनी करून खर्च भागवण्याची शक्यताही मुंबईतच अधिक होती.

पैशाचा हिशेब चलनामुळे आणखी अवघड होई. संस्थानात हाली शिक्का चाले, ब्रिटिश मुलखात कलदार रुपया. सहा कलदार रुपयांसाठी सुमारे सात हाली रुपये मोजावे लागत. घरून पाठवलेल्या रकमेचा जवळजवळ सातवा हिस्सा अशा रीतीने वाटेतच नाहीसा होई.

प्रवासाची सोय रेल्वेने झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेने नांदेड, परभणी व औरंगाबाद मनमाडशी जोडले गेले आणि तेथून मुंबईची गाडी मिळे. लातूरपर्यंत बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९११ मध्ये पोहोचला. लातूरचा प्रवासी कुर्डुवाडीस गाडी बदलून मुंबईकडे जात असे.

१९३८ नंतर

१९३८ मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठातून अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील बहुतेकांनी नागपूर विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढे पंतप्रधान झालेले पी.व्ही. नरसिंह राव यांनीही या चळवळीनंतर नागपुरात शिक्षण पुढे चालू ठेवले. या वेळी शहर निवडण्यास वाव नव्हता. जे विद्यापीठ दार उघडेल तेथे जाणे भाग होते. उलट दिशेने येणारेही काही होते. सोलापूर, अमळनेर व पुणे येथे शिकलेले व्यंकटेश खेडगीकर हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून मराठवाड्यात आले. पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानातील निजामी राजवट संपली. १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी औरंगाबाद येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय होय. आंबेडकर स्वतः एल्फिन्स्टनचे विद्यार्थी होते आणि त्यांची ही संस्था मुंबईत स्थापन झालेली होती. माधुकरीच्या वाटेने ज्यांना पुण्यास जाता आले नसते, अशा दलित विद्यार्थ्यांसाठी हे महाविद्यालय विशेष महत्त्वाचे ठरले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, १९६१ मध्ये लातूरचे दयानंद महाविद्यालय व १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय स्थापन झाले. त्यानंतर पदवीसाठी मुंबई गाठण्याची सक्ती उरली नाही.

सद्यस्थिती

अलीकडे इंग्रजीसाठी थेट परदेशी किनारी शहरे निवडली जातात. इंग्लंडमधील ब्रायटन व बोर्नमथ आणि आयर्लंडमधील गॉलवे ही त्यांपैकी काही होत. माल्टा या बेट-राष्ट्रात माल्टीजबरोबर इंग्रजी राजभाषा आहे. निवडीचे निकष पूर्वीसारखेच आहेत: राहण्याचा खर्च, वर्गाबाहेर ऐकू येणारी भाषा आणि कमाईची मुभा. ब्रिटनमध्ये केवळ इंग्रजी शिकण्यासाठी मिळणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या व्हिसावर काम करता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसावर ठरावीक तासांपर्यंत काम करता येते. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी लातूरच्या विद्यार्थ्यास आजही मुंबईतील वाणिज्य दूतावासात जाता येते. लातूरचा लोहमार्ग आता रुंद झाला असून त्यासाठी कुर्डुवाडीस गाडी बदलावी लागत नाही.