आई-बाबांच्या लग्नाची कॅसेट

आजचा एपिसोड छोटा आहे, पण ऐकून झाल्यावर घरातलं जुनं कपाट नक्की उघडा.

१९७५ मध्ये सोनीने बीटामॅक्स आणलं. चित्र छान, पण सुरुवातीच्या कॅसेटवर मावायचा जेमतेम एक तास. १९७६ मध्ये जेव्हीसीचं व्हीएचएस आलं, थेट दोन तासांचं. आता सांगा, मंगलाष्टकांपासून पंगतीपर्यंतचं लग्न एका तासात कसं बसणार? पुढे आपल्याकडेही लग्नाची कॅसेट म्हणजे व्हीएचएसच झाली.

आमच्या घरची १९९४ची. गेल्या पावसाळ्यात काढली, तर टेपवर पांढरी बुरशी! आणि लावायची कशावर? जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्येच व्हीसीआर बनवणं थांबवलंय. एका दुकानदार काकांनी टेप साफ करून कशीबशी अर्धी फाइलमध्ये उतरवली. त्यात अक्षता वाटणारी आजी दिसली, तिचा आवाज ऐकू आला. ती आता नाहीये. कन्यादान मात्र गेलं ते गेलंच.

म्हणून सांगतो, फॉरमॅट निवडताना फक्त ‘फोर-के आहे का?’ विचारू नका. ‘तीस वर्षांनी लागेल का?’ हेही विचारा. २००३ पासूनचं एच.२६४ आज जवळपास प्रत्येक फोनवर चालतं. एडिट केलेल्या व्हिडिओसोबत मूळ फाइल्सही मागून घ्या, दोन ठिकाणी ठेवा, आणि फॉरमॅट जुना व्हायला लागला की वेळेत नव्यात उतरवा.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!