इंग्रजी व्याकरणात मराठी माणूस कुठे अडखळतो? नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

महाराष्ट्रातील शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी अर्ज लिहिणारा तरुण असो किंवा वर्गात शिकवणारे शिक्षक, ठरावीक शंका पुन्हा पुन्हा समोर येतात. यातल्या बऱ्याच चुकांचे कारण पाठांतर कमी पडणे हे नसते. आपण मनात मराठी वाक्य जुळवतो आणि त्यावर इंग्रजी शब्द बसवतो, तिथे चूक होते. मराठीची कोणती सवय आड येते हे कळले, की ती सुधारणे सोपे जाते.

'अ' वापरायचे की 'ॲन'?

स्पेलिंगमधले पहिले अक्षर पाहू नका, उच्चार पाहा. शब्द देवनागरीत लिहून बघा. तो स्वराने सुरू झाला तर 'ॲन', व्यंजनाने सुरू झाला तर 'अ'. म्हणून 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. 'ॲन एसटी बस' आणि 'ॲन एमआयडीसी प्लॉट' हेच बरोबर, कारण 'एस' आणि 'एम' यांचा उच्चार 'ए'ने सुरू होतो. 'वन' हा शब्द 'व'ने सुरू होतो, म्हणून 'अ वन-रुपी कॉइन'.

'सिन्स' आणि 'फॉर' यांत फरक काय?

मराठीत दोन्हीसाठी 'पासून' चालते: '2019 पासून' आणि 'पाच वर्षांपासून'. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स 2019', आणि किती काळ ते सांगायचे असेल तर 'फॉर फाइव्ह इयर्स'. 'सिन्स फाइव्ह इयर्स' ही चूक या एका 'पासून'मुळे होते.

'मी पाच वर्षांपासून इथे काम करतो' हे इंग्रजीत कसे सांगायचे?

मराठीत इथे साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत मात्र 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' असे म्हणावे लागते. 'आय ॲम वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' हे चुकीचे असले तरी ऐकणारा समजून घेतो. पण अर्जात 'आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' असे लिहिले, तर वाचणारा समजेल की तुम्ही ती नोकरी सोडली आहे. एका क्रियापदाने अर्थ बदलतो, म्हणून अर्ज पाठवण्याआधी हे वाक्य जरूर तपासावे.

'ही डिड नॉट वेंट' का चुकते?

'तो गेला नाही' या वाक्यात भूतकाळ 'गेला'मध्ये आहे, म्हणून आपण इंग्रजीतही 'वेंट' ठेवतो. पण इंग्रजीत भूतकाळ 'डिड'ने आधीच दाखवलेला असतो. तो एकदाच दाखवायचा. म्हणून 'ही डिड नॉट गो'.

'डिस्कस अबाउट' आणि 'मॅरीड विथ' बरोबर आहे का?

नाही. आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो, त्यातून 'अबाउट' येते. इंग्रजीत 'डिस्कस द प्रॉब्लेम' एवढेच पुरते. तसेच आपण कुणा'शी' लग्न करतो, त्यातून 'विथ' येते. इंग्रजीत मात्र 'मॅरीड टू' म्हणतात.

'प्रीपोन', 'टुडे ओन्ली' या चुका मानायच्या का?

'प्रीपोन' हा भारतात रुजलेला शब्द आहे आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही त्याची नोंद आहे. भारतात तो बिनधास्त वापरावा. परदेशी ग्राहकाला लिहिताना मात्र बैठक अलीकडे घेतली आहे, असे सोप्या शब्दांत सांगावे. 'टुडे ओन्ली'मागे आपल्या 'आजच'मधला 'च' आहे. गप्पांत ते खपते, पण परीक्षेत आणि पत्रात टाळलेले बरे.

शिक्षकांनी काय करावे?

फळ्यावर मराठी आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी लिहावे आणि रचना कुठे वेगळी होते, ते मुलांकडूनच शोधून घ्यावे. वही तपासताना सगळ्या चुका एका मापाने मोजू नयेत. ज्या चुकीने अर्थ बदलतो, ती आधी सुधारावी. उरलेल्या सवयीने सुटतात. प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ दिसली, तर मूल इंग्रजी बोलायचेच टाळते.