निवडणुका, कंपन्या आणि एक विस्मृत निकाल

निवडणुकीस पैसा लागतो हे सर्वश्रुत आहे. परंतु तो कोणाचा असावा, हा प्रश्न आपल्याच मुंबई नगरीत 1957 साली न्यायासनापुढे आला होता, याचे स्मरण आज फारसे कोणास नाही. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीच्या मूळ घटनापत्रात राजकीय पक्षांस देणगी देण्याचा अधिकार नव्हता. तो मिळावा म्हणून भागधारकांचा ठराव करून कंपनीने उच्च न्यायालयाची संमती मागितली. सरकारी धोरणावर उद्योगाचे भवितव्य अवलंबून असल्याने पक्षास साह्य करणे हे व्यापारी हिताचेच होय, अशी तिची भूमिका होती. एका भागधारकाने मात्र हरकत घेतली. त्याची बाजू आपण नीट ध्यानी घ्यावी, कारण आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरी कंपन्यांचे भाग आहेत. ज्याने पोलादाच्या धंद्यात पैसा गुंतविला, त्याच्याच पैशाने त्यास अमान्य असलेल्या पक्षाचा प्रचार का व्हावा?

मुख्य न्यायमूर्ती छागला धर्मसंकटात पडलेले दिसतात. कायद्याची मनाई नव्हती, म्हणून कंपनीची विनंती मान्य करणे त्यांस भाग पडले; परंतु या प्रथेतील धोका वाढत जाऊन अखेरीस लोकशाहीचाच श्वास कोंडेल, असा इशारा त्यांनी त्याच निकालपत्रात संसदेस दिला. हरलेल्या पक्षाची व्यथा निकालपत्रात इतक्या कळकळीने क्वचितच उतरते.

संसदेने 1960 मध्ये मर्यादा घातली: 25,000 रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे शेकडा 5, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती. 1969 मध्ये संपूर्ण बंदी आली. तिने पैसा आटला नाही. तो हिशेबाच्या वह्यांबाहेरून वाहू लागला, इतकेच. 1985 मध्ये दार पुन्हा उघडले, 2013 मध्ये मर्यादा शेकडा साडेसात झाली आणि 2017 मध्ये ती समूळ उठली. 2018 पासून स्टेट बँकेत निवडणूक रोखे मिळू लागले. ते कोणी कोणास दिले, हे मतदारास कळण्याची सोय नव्हती. आपल्या स्मरणिकेत अकरा रुपये देणाऱ्याचेही नाव छापले जाते, आणि कोटीचे दान मात्र गुप्त!

सुमारे 16,500 कोटी रुपयांचे रोखे विकले गेल्यावर, 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरविली, कंपन्यांच्या अमर्याद देणग्यांची तरतूदही रद्द केली आणि नावे प्रकट करण्याचा आदेश दिला. मार्च महिन्यात याद्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा देणगीदारांत अग्रस्थानी एक लॉटरीचा व्यवसाय करणारी कंपनी निघाली. तिच्या रोख्यांची रक्कम 1,300 कोटी रुपयांहून अधिक होती.